एमरिसचं पडणं

आरशात त्यानं मला पकडलं. कुवेतमध्ये सलव्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपीच्या हॉलला एक भिंतभर आरसा आहे आणि त्याच्यासमोर कमरेएवढ्या उंचीच्या दोन समांतर दांड्या. हाड मोडून किंवा सांधा बदलून आलेला माणूस त्या दांड्यांमध्ये उभा राहतो, आरशात स्वतःकडे बघत चालतो, आणि मी त्याच्या मागे, एक हात त्याच्या कमरपट्ट्याजवळ ठेवून. पडलाच तर धरायला. वीसेक वर्षं मी माणसांच्या मागे चालतोय. आणि मागे चालता चालता मी त्यांच्यासारखाच चालायला लागतो. हे मला माहीत आहे, माझ्या बायकोला, शर्मिलाला माहीत आहे, आमचे मुख्य डॉक्टर यूसुफ यांनाही बहुतेक माहीत असावं. पेशंटला मात्र कळत नाही, कारण पेशंटचा सगळा जीव पायात. त्या दिवशी एमरिस प्रॉसर नावाच्या वेल्श म्हाताऱ्यानं मध्येच पाऊल थांबवलं आणि मान वर केली. आरशात पुढे तो होता, मागे मी. त्याच्यासारखाच माझा डावा खांदा वर, उजवा पाय बाहेरून फिरवून आणलेला, ओठ आत ओढलेले. नक्कल. भर दिवसा, ड्यूटीवर, ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याचीच नक्कल! पेशंटची टवाळी केली अशी तक्रार गेली तर पुढे काय काय होतं ते सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं: यूसुफची केबिन, बंद दार, शर्मिलाचा चेहरा. म्हातारा आरशातून माझ्याकडे बघतच होता. मग म्हणाला, ‘‘पाऊल लवकर टाकतोस तू. मी तिथे जरा थांबतो. भीती वाटते म्हणून. ती भीती राहिली तुझी. पुन्हा कर.’’

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत; त्याचं हेल काढलेलं, माझं पुण्यात घासलेलं. तरी मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तो दांडीला टेकून उभा राहिला, माझ्यासाठी जागा केली, आणि हातानं ‘चल’ असं केलं. मी चाललो. त्याचा पाय घेतला, पाऊल टाकायच्या आधीचा तो थांबा घेतला, त्या थांब्यात जिभेनं गालाची आतली बाजू चाचपायची त्याची सवय होती तीही घेतली. म्हातारा हसला नाही. डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बघत राहिला. ‘‘असा चालतो मी?’’ म्हणाला. ‘‘अरे देवा. हा माणूस पडणार आहे असं लांबूनच कळतं.’’ मग दांड्या धरून तो चालला, आणि पहिल्यांदा त्याचा पाय सरळ आला. इतके दिवस मी घसा फोडून सांगत होतो, गुडघा उचला, मिस्टर प्रॉसर, पाय फिरवू नका, आणि बाबाजी ढिम्म. मला फिरवताना बघितला आणि पाय सुतासारखा सरळ. तेव्हापासून आमची ती पद्धतच झाली. आधी मी त्याच्यासारखा चालायचो, तो चुका काढायचा, मग तो माझ्यापेक्षा बरा चालायचा. तक्रार वगैरे राहिली बाजूला. त्या संध्याकाळी रिग्गईला घरी जाताना गाडीत मी एकटाच हसत होतो.

हा एमरिस आयुष्यभर हेच करत आला होता. म्हणजे चालणं, बोलणं, गाणं, आणि मुख्य म्हणजे पडणं. नट म्हणा, विदूषक म्हणा. त्याला स्वतःला ‘करमणूकवाला’ म्हटलेलं आवडायचं. कोळशाच्या खाणीवाल्या एका खोऱ्यात जन्म, बाप खाणीत. लहानपणी चॅपलमध्ये उभं राहून काहीतरी पाठ म्हणून दाखवायचं होतं, हा विसरला, घाबरून मागे सरकला आणि पायरीवरून सपशेल खाली. देवाच्या घरात हसायचं नाही ही शिस्त, आणि बाकांवरची सगळी खाणवाली मंडळी खो खो हसायला लागली. खोकत हसत होती, तो म्हणायचा, सगळ्यांच्या छातीत कोळसा. त्याचा बापसुद्धा हसला. बापाला हसताना त्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं म्हणे. झालं, तिथेच मुलगा बिघडला. मग कामगारांच्या क्लबांत विनोद सांगणं. विनोद अर्धा झाला की माइकवरून पुकारा व्हायचा, गरम पेस्ट्री आल्या हो, आणि अर्धं प्रेक्षागृह उठून जायचं. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावांमध्ये पोरांचे खेळ, हिवाळ्यात नाताळच्या नाटकांत बाईचं काम, छातीला दोन उशा बांधून आणि गालाला शेंदरासारखी लाली फासून. वेल्श टीव्हीच्या एका मालिकेत तो बरीच वर्षं पोस्टमन होता. घराघरांत ओळखायचे. एक दिवस दूधवाल्यानं विचारलं, काय हो, तुम्ही कॅनडाला पुतण्याकडे जाणार म्हणे? मालिकेच्या लेखकांनी त्याला कॅनडाला पाठवून दिला होता, आणि ते त्याला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पुढे जहाजांवरचे कार्यक्रम. तिथे पडायचं कठीण, तो म्हणायचा, बोट हलत असते, लोकांना वाटतं माणूस खरंच पडला, आणि खरंच पडलेल्या माणसाला कुणी हसत नाही. दोन लग्नं झाली. एक बायको सोडून गेली, दुसरी वारली. शेवटी मुलगी ब्रॉनवेन इथे कुवेतला शाळेत शिकवते म्हणून तिच्याकडे आला, आणि तिच्या न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलं, सांधाच बदलावा लागला. ‘‘पन्नास वर्षं पैसे घेऊन पडलो,’’ तो म्हणाला, ‘‘काही झालं नाही. एकदा फुकट पडलो आणि मोडलं.’’

हे सगळं मी ऐकायचो आणि आतल्या आत जळायचो. सांगून टाकतो, जळायचोच. कारण मीही कधीकाळी स्टेजवरचा. पुण्यात आमचा ऑर्केस्ट्रा होता, महादेव चालवायचा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मिमिक्रीला मी. पुढारी, रेडिओवरचे निवेदक, लग्नातले गुरुजी, स्वारगेटचे कंडक्टर. गायिका साडी बदलून येईपर्यंत, ढोलकीवाला ढोलकी चढवेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं. लोक धरले जायचे. शाळांच्या मैदानांवर, गणपतीच्या मांडवांत, साखर कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत लोक पोट धरून हसायचे आणि मी विंगेत येऊन घामेजलेला शर्ट पिळायचो. मग शर्मिलाला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, माझी फिजिओथेरपीची डिग्री पडून होती, आम्ही आलो. दोन वर्षांसाठी म्हणून आलो. दोन वर्षांसाठीच येतात सगळे. आणि तेव्हापासून ‘दिनकरनं स्टेज सोडायला नको होतं’ हे वाक्य माझ्या मागे लागलं. बहीण म्हणाली, सासरे म्हणाले, इथल्या मराठी मंडळातले लोक तर दर गणपतीला म्हणतात. हॉलमध्ये आरती झाली, प्रसाद झाला की कुणीतरी म्हणणारच, दिनकरराव, काहीतरी होऊन जाऊ दे. आणि मी हात जोडून म्हणायचो, ‘नाही हो, आता नाही जमत.’ म्हणताना थोडं हसायचं, थोडं खाली बघायचं. बायका हळहळायच्या. खरं सांगू का, ती हळहळ मला आवडायची. इतरांनी इथे राहून वाकडला फ्लॅट घेतले, गावाकडे आंबे लावले. मी एक खंत कमावली आणि ती नीट जपली. घरात काही बिनसलं, मुलीनं, ओवीनं उलट उत्तर दिलं, यूसुफ काही लागट बोलला, की मी गुपचूप त्या खंतीपाशी जाऊन बसायचो. शर्मिला एकदा वैतागून म्हणाली होती, ‘‘अहो, आपल्या घरात तीन माणसं नाहीत, चार आहेत. तुमची ती खंत पण जेवायला असते.’’

आणि नेमका याच थंडीत महादेवचा फोन. जुन्या लोकांना घेऊन तो ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा करत होता. हल्ली लोकांना जुनं हवंय, दिन्या, हॉल भाड्यानं मिळत नाहीयेत एवढी मागणी आहे, पाडव्याला पहिला प्रयोग, मिमिक्रीला तूच, दुसरा कुणी नको. ‘‘बायकोची नोकरी आहे ना तिकडे? मग तुला काय धाड भरलीय? ये निघून. पण शुक्रवारपर्यंत सांग, मला पोस्टर छापायचंय.’’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. खाली रिग्गईच्या रस्त्यावर बकाल्यासमोर, म्हणजे वाणसामानाच्या दुकानासमोर, गाड्या उभ्या राहत होत्या, दुकानातला माणूस पळत येऊन गाडीच्या खिडकीतून खुबुसच्या रोट्या आणि पाण्याच्या बाटल्या देत होता. इतक्या वर्षांत त्याच्या चालीकडे मी किती वेळा बघितलं असेल. डाव्या टाचेवर भार, चपलेची टाच एकीकडे झिजलेली. मी मनात म्हटलं, याला स्टेजवर घेता येईल. आणि आता ते खरंच शक्य होतं. आजवर खंतीला काही लागत नव्हतं, नुसतं बसायला जागा. आता ती म्हणत होती, ऊठ, चल. शर्मिलाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. थांबली नाही. ‘‘जायचं असेल तर जा,’’ म्हणाली. ‘‘मी अडवणार नाही, नाहीतर पुढची वीस वर्षं तेही मला ऐकावं लागेल. ओवीचं शेवटचं वर्ष आहे शाळेचं, ते मी बघेन. पण नीट ठरवा. त्या म्हाताऱ्याच्या नादाला लागून ठरवू नका.’’ मी म्हटलं, त्याचा काय संबंध? ती म्हणाली, ‘‘रोज जेवताना त्याच्याच गोष्टी चालू असतात तुमच्या.’’

संबंध होताच. मी एमरिसला विचारलंही होतं. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम चालू होता. म्हटलं, पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा हेच? मला वाटलं होतं म्हातारा उसासा टाकेल, बायकोबद्दल काही म्हणेल, मुलगी लहान असताना आपण घरी नव्हतो असं काहीतरी. त्यानं तसं म्हटलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मीही इकडे एक उसासा टाकला असता आणि महादेवला नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण म्हातारा लबाड नव्हता. ‘‘हेच,’’ म्हणाला. ‘‘फक्त थोडं जास्त. आणि त्या कॅनडावाल्या लेखकाला एक थोबाडीत.’’ मग मी त्याला महादेवचं सांगितलं. ऑर्केस्ट्रा, पाडवा, सगळं. तो उठता उठता पुन्हा खाली बसला. त्याचे डोळे असे काही चमकले की मला ओशाळल्यासारखं झालं. शुक्रवारी त्याचा ऐंशीवा वाढदिवस होता, ब्रॉनवेननं खैरानला मैत्रिणीचं शॅले, समुद्रकाठचं सुट्टीचं घर, मिळवलं होतं, शाळेतले लोक येणार होते. ‘‘तू दहा मिनिटं कर,’’ म्हणाला. ‘‘चाली कर. मी बघतो आणि सांगतो.’’ काय सांगणार ते त्यानं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. घरी येऊन मी महादेवला मेसेज केला, शुक्रवारी संध्याकाळी पक्कं कळवतो. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागेना. मनातल्या मनात मी पोस्टरवर माझं नाव बघायचो, मग ओवीचा बारावीचा निकाल आणि मी तिथे, ही इथे, असं बघायचो, मग साखर कारखान्याचं मैदान. अंघोळ करताना जुने आवाज काढून बघितले. पुढारी निघाला, पण माझा घसा आता पुढाऱ्याच्या वयाचा झाला होता, त्यामुळे नक्कल वाटेना.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. शर्मिलानं कोथिंबीर वड्यांचा डबा मांडीवर घेतलेला, ओवी मागे कानात इअरफोन घालून. दक्षिणेकडचा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळू आणि विजेचे खांब, थंडीचं ऊन काचेतून उबदार. लोकांनी वाळवंटात तंबू ठोकले होते. मी गाडी चालवत होतो. ‘‘बाबा, आर यू ओके?’’ ओवीनं विचारलं. मी म्हटलं, हो. ‘‘यू आर मूव्हिंग युअर लिप्स,’’ ती म्हणाली. आरशात बघितलं तर खरंच हलत होते. शॅले पाण्याला लागूनच होतं. मोठी बैठकीची खोली, जमिनीवर गालिचा, भिंतीला लागून गुबगुबीत सोफे, पलीकडे काचेची दारं आणि समुद्र. पंधरा-वीस लोक असतील. एमरिस मध्यभागी खुर्चीत, डाव्या हाती काठी, लाल स्वेटर घालून. मला बघून त्यानं काठी वर केली. केक कापला, त्यांनी त्यांचं वाढदिवसाचं गाणं म्हटलं, मग एमरिसनं एकट्यानं वेल्शमध्ये दोन ओळी म्हटल्या आणि ब्रॉनवेनच्या डोळ्यांत पाणी आलं. कोथिंबीर वड्या केकच्या आधीच संपल्या होत्या. मग त्यानं टाळ्या वाजवल्या आणि जाहीर केलं, माझे डॉक्टर, माझे मित्र, पुण्याच्या रंगभूमीवरचे.

मी उभा राहिलो. एअरपोर्टवरच्या चाली केल्या: सुट्टीवर निघालेला माणूस कसा चालतो आणि सुट्टी संपवून परत आलेला कसा, नवा आलेला, जुना झालेला. पार्किंगमध्ये टेकडीवर चढल्यासारखी चालणारी हाय हीलवाली. शाळेत तास संपवून निघालेले मास्तर. हसले. खरंच हसले, एक जाडा मास्तर तर सोफ्याची उशी तोंडावर धरून. खोटं कशाला बोलू, मला ती जुनी ऊब जाणवली. इतक्या वर्षांनी ती पायांतून वर आली आणि मी मनात म्हटलं, महादेवा, छाप पोस्टर. शेवटी एमरिस. मी काठी मागून घेतली, खांदा वर केला, ओठ आत ओढले, पाऊल उचललं आणि तिथे थांबलो, त्या भीतीपाशी. खोली फुटली नुसती. आणि तेवढ्यात मला दिसलं की एमरिस उठलाय. त्याची काठी माझ्या हातात, आणि तो तसाच, हात न टेकता, माझ्याकडे यायला निघालेला. लोक टाळ्या वाजवायला लागले. एक पाऊल सरळ. दुसरं सरळ. तिसरं गालिच्याच्या कडेला अडकलं. दोन्ही हात हवेत गेले, धड मागे कललं, नवा सांधा आत वळला. त्या बाजूला वळायला त्याला सक्त मनाई होती. पुढचं मी केलं नाही, माझ्या अंगानं केलं. काठी फेकली. एका उडीत त्याच्यापाशी, डावा हात पाठीमागून कमरेला, उजवा बगलेत, माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवून त्याला घट्ट धरला. तो माझ्या अंगावर उभाच्या उभा थांबला. मी एकच म्हणत होतो, धरलंय, धरलंय, काही झालं नाही.

‘‘सोड,’’ तो माझ्या कानाशी म्हणाला.

‘‘पडत होतात तुम्ही.’’

‘‘पडतच होतो! गाढवा, पडतच होतो मी!’’ त्यानं मला ढकललं. मी मागे बघितलं. त्याच्या बरोबर मागे सोफा होता, भिंतीपासून पुढे ओढलेला, वर उशांची चळत. त्यानं जागा मोजून ठेवली होती. ब्रॉनवेन कोपऱ्यात मोबाइल धरून उभी होती, चित्रीकरण करत. तिला माहीत होतं. तिनं कपाळाला हात लावला. सगळ्यांना माहीत नव्हतं, पण सगळ्यांना आत्ता कळलं, आणि दोघातिघांना हसू आवरेना, मात्र ते हसू त्याला हवं होतं ते नव्हतं. म्हातारा लालबुंद झाला होता. ‘‘ऐंशी वर्षं,’’ तो म्हणाला, ‘‘शेवटचं एक पडायचं होतं मला माणसांसमोर. हसू इथपर्यंत आलं होतं, इथपर्यंत, आणि तू धरलंस. नट कधी धरतो का? नट बाजूला होतो, जागा देतो, आणि बघतो. तुझी नक्कल अर्धी राहिली होती, कळलं का तुला? ती तू टाकून आलास!’’ मग त्यानं श्वास घेतला आणि सगळ्यांसमोर, अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाला, ‘‘तू नट नाहीस.’’

कुणीतरी ‘ओह, एमरिस’ म्हणालं. शर्मिला पुढे यायला लागली. तिला वाटलं असेल आता मी कोसळतो. मलाही क्षणभर वाटलं, आता लागेल, आता कुठेतरी लागेल. आणि लागलंच नाही. उलट मानेतून, खांद्यांतून काहीतरी सुटत खाली उतरलं. नट नाहीस. इतकी वर्षं मला कुणी हे म्हटलं नव्हतं. बहिणीनं नाही, महादेवनं नाही, मंडळातल्या हळहळणाऱ्या बायकांनी नाही. आणि म्हणणारा माणूस हा असा होता की ज्याला कळत होतं. मी म्हटलं, ‘‘सॉरी, मिस्टर प्रॉसर.’’ आणि तोंडभर हसलो. तो आणखी चिडला. ‘‘हसतोस काय? पुन्हा करणार आहे मी. आणि तू हलायचं नाहीस.’’ मी म्हटलं, डाव्या अंगावर पडा, आणि पाय एकमेकांवर टाकू नका. ‘‘मला शिकवतोस?’’ म्हणाला, पण ऐकलं. पुन्हा खुर्चीत जाऊन बसला, पुन्हा उठला, आला, पाऊल अडकलं. मी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभा होतो, तरी अर्धं पाऊल पुढे गेलंच. आणि म्हातारा पडला. काय पडला हो! आधी नुसती एक शंका, मग हात गोल फिरले, दोनदा सावरला, सावरल्याबद्दल लोकांकडे बघून मान झुकवली, आणि ती मान झुकवण्याच्या नादातच उशांत असा गेला की बूट तेवढे वर राहिले. लोक ओरडले, किंचाळले, जाडा मास्तर जमिनीवर बसला, ओवी कानातले इअरफोन काढून टाळ्या पिटत होती, शर्मिला पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती. उशांमधून त्याचा चेहरा वर आला, ऐंशी वर्षांचा लाल चेहरा, आणि त्यावर असं सुख होतं की मी तसं कुठल्याच माणसाच्या तोंडावर पाहिलं नाही. त्या खोलीत एकटा मी हसत नव्हतो. मी त्याचा उजवा पाय बघत होतो. पाय ठीक होता.

नंतर मी काचेचं दार सरकवून बाहेर पाण्याकडे गेलो. चार वाजले असतील, ऊन कलायला लागलं होतं, समुद्र इथे सपाट असतो. मला स्वारगेटचा एक कंडक्टर आठवला. माझा सगळ्यांत गाजलेला आयटम त्याचा होता. एकदा मांडवात त्याची नक्कल करून, टाळ्या घेऊन, मी दुसऱ्या दिवशी डेपोत त्याला गाठलं होतं आणि सांगितलं होतं, अहो, तुमचा एक पाय किंचित आखूड आहे, बुटात जाड तळवा घाला, कंबर दुखायची थांबेल. तो म्हणाला, तुम्हाला कसं कळलं कंबर दुखते? टाळ्या मी विसरलो, हे मात्र मला आठवत होतं, आणि आठवूनही त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. कदाचित आत्ताही मी उगीच लावत असेन. माणसाला सुटका झाली की सगळंच जुळल्यासारखं वाटतं. शर्मिला मागून आली. शाल आणली होती माझ्यासाठी.

‘‘फार वाईट वाटलं का?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही गं. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटतेय.’’ तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी म्हटलं, ‘‘मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?’’

‘‘मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?’’

‘‘नाही. भांडलो असतो.’’

‘‘मग!’’ ती म्हणाली, आणि शाल माझ्या खांद्यावर टाकून स्वतःही तिच्यात शिरली. आत ओवी एमरिसला विचारत होती की ते कसं करायचं, आणि तो तिला हात आधी का पाय आधी ते समजावत होता. तिचं हसणं बाहेरपर्यंत येत होतं. मी तिथूनच महादेवला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं. त्याला वाटलं होतं मी हो म्हणायलाच करतोय. पोस्टरवर माझा कुठला फोटो टाकायचा इथपासूनच त्यानं सुरुवात केली. मी म्हटलं, महादेवा, मी येत नाही. तो म्हणाला, का, बायको नाही म्हणते का? मी म्हटलं, नाही रे, ती हो म्हणते. मग इकामा, व्हिसा? नोकरी? पोरगी? मी म्हटलं, काहीच नाही, मला यायचं नाहीये. मग जुन्या मित्राला येतो तसा त्याला राग आला.

‘‘दिन्या, वेडा आहेस तू. आयुष्यभर रडत बसलास आणि आता दार उघडलं तर आत येईनास. असा चान्स पुन्हा यायचा नाही, सांगून ठेवतो.’’

‘‘पुन्हा यायचा नाही? नक्की?’’

‘‘नक्की.’’

‘‘शपथ घे.’’

‘‘अरे घेतली! आईशप्पथ! परत म्हणून विचारणार नाही तुला!’’

‘‘हुश्श,’’ मी म्हणालो.